मुलगी बघायचा डोंगर

मुलगी दिवाणखान्यात बघू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. सोफ्यावर तासभर बसून गोड बोलायला काय लागतं? कोणीही बोलेल. त्यापेक्षा पाच तास चालायला लावा. वारा तोंडावर येऊ दे, बुटात पाणी जाऊ दे, आणि मग बघा. कोण पाण्याची बाटली आधी स्वतःच्या तोंडाला लावते, कोण मागच्या माणसासाठी थांबते, कोण दर दहा मिनिटांनी 'अजून किती?' विचारते, सगळं बाहेर येतं. माझ्या अपूर्वसाठी मी मुली अशाच बघितल्या. कार्डिफच्या आमच्या मराठी मंडळातल्या बायका त्याला 'रेखाची परीक्षा' म्हणतात. म्हणू देत. त्यांच्या सुना त्यांना घरात उभं करत नाहीत, म्हणून पोटात दुखतं त्यांच्या.

माझे तीन वॉक ठरलेले आहेत. पहिला पेनार्थचा. समुद्राकाठच्या कड्यावरून जातो, पण वाट सपाट, साध्या सपाता घालून आलात तरी चालेल. शेवटी पिअरवर बसून आइस्क्रीम. मुलगी फोनवरच आवडली तर हा. आजवर हा कोणाला मिळाला नाही, ते सोडा. दुसरा गॉवरचा, थ्री क्लिफ्स बेच्या किनाऱ्यावर. वाळू, चढउतार, ओढ्यातल्या दगडांवरून उड्या. माझं मन ठरत नसेल तर हा. आणि तिसरा पेन-अ-व्हॅन डोंगराचा. आमच्या मंडळात लोक अजून 'पेन वाय फॅन' म्हणतात, तीस-तीस वर्षं इथं राहून! तर तिथं टूरिस्ट मेन रोडकडून रांग लावून चढतात, त्या बाजूनं नाही न्यायचं. मागच्या बाजूनं, धरणाकडून. आधी धबधब्याशेजारचा उभा चढ, मग कड्याच्या काठाकाठानं दोन शिखरं, मग गुडघ्यांची वाट लावणारा उतार, आणि उतरून श्वास घेतोय तोच समोर क्रिबिन, तिसरं शिखर. सोळा किलोमीटर. मुलगी नको असेल तर हा.

हॅरोच्या शाल्मलीला मी हाच वॉक दिला. पहिल्या चढावर मांडी घालून बसली आणि इथं टॅक्सी येईल का म्हणाली. नंतरची तनिषा चढली तशी भराभरा, पण कानात बोंडकं घालून, आमच्या अर्धा मैल पुढे. मी घसरून दरीत गेले असते तरी तिला गाणं संपल्यावर कळलं असतं. दोन्ही वेळा अपूर्व त्याच संध्याकाळी माझ्याजवळ येऊन बसला आणि म्हणाला, "आई, तुला नाही पटली ना? मग राहू दे." बस, एवढंच. वाद नाही, आदळआपट नाही. चौतीस वर्षांचा मुलगा, इथं जन्मलेला, इथं शिकलेला, स्वतःचा फ्लॅट असलेला, आणि आईच्या शब्दाबाहेर नाही! मंडळात मी हे दहा वेळा सांगितलंय. का सांगू नये?

ऋजुताचं त्यानं ऑगस्टच्या शेवटी सांगितलं. सांगितलं म्हणजे माझ्यावर फेकलंच. नागपूरची मुलगी, तेहेतीस वर्षांची, साउथहॅम्प्टनला एका शिपिंग कंपनीत सॉफ्टवेअरमध्ये, वर्क व्हिसावर. दोन वर्षं यांचं चाललंय आणि मला पत्ता नाही! तिची कंपनी तिथलं ऑफिस बंद करत होती आणि तिला रॉटरडॅमला पाठवायला तयार होती. सोमवारपर्यंत सही करायची. सही नाही केली तर सप्टेंबरअखेर नोकरी संपणार, आणि मग साठ दिवसांत दुसरी नोकरी शोधा नाहीतर देश सोडा. तिनं अपूर्वला सरळ विचारलं होतं: लग्न करायचं असेल तर मी थांबते, नसेल तर जाते, रविवारी सांग. आणि माझा गुणी मुलगा तिला म्हणाला होता, "आधी आईला भेट. मग सांगतो."

मला खोटं बोलायचं नाही. माझी मान आणखी दोन इंच ताठ झाली.

पण मुलीचा रागही आला. दोन वर्षं लपवून ठेवायचं आणि वर मला मुदत घालायची? सोमवार म्हणे! मी त्याच क्षणी तिसरा वॉक ठरवला. अपूर्वला सांगितलं तर तो फक्त "ओके, गुड" म्हणाला. आमचे हे मात्र पेपरातून डोकं वर काढून म्हणाले, "अगं रेखा, ती पोर डोंगर चढली काय आणि नाही चढली काय, तुला त्यातून काय कळणार आहे?" ह्यांचे गुडघे गेलेत, मतं मात्र शाबूत आहेत. मी लक्ष दिलं नाही.

रविवारी नऊला आम्ही मायलेक जंगलातल्या कार पार्कला पोचलो, तर ही आधीच येऊन थांबलेली. साउथहॅम्प्टनहून सहाला निघाली होती, एकटी गाडी चालवत. बारीक, सावळी, केसांची घट्ट वेणी. मी आधी पाय बघते. कोरे करकरीत बूट, दुकानाचा वाससुद्धा गेला नसेल.

"कधी घेतलेस?"

"शुक्रवारी, काकू. अपूर्व म्हणाला डोंगर आहे. आमच्या नागपूरला कुठले डोंगर! सेमिनरी हिल्सवर स्कूटर जाते."

नव्या बुटांनी सोळा किलोमीटर म्हणजे टाचांची सालटी निघणार, हे शेंबड्या पोरालाही कळतं. माझ्या गाडीत जाड मोज्यांचा जोड होता. मी दिला नाही. म्हटलं, बघू या.

धबधब्याशेजारचा चढ मी मुद्दाम झपाट्यानं घेतला. बासष्टची असले तरी मी आठवड्याला तीनदा चालते, आणि लग्नाआधी दर रविवारी सिंहगड केलेली बाई आहे. मागून तिचा भात्यासारखा श्वास ऐकू येत होता. मला वाटलं, आता बसेल, मग बसेल. नाही बसली. 'किती राहिलं' विचारलं नाही. एकदा मी थांबले, खरं म्हणजे मलाच धाप लागली होती, तर आधी माझ्या हातात बाटली दिली. अपूर्व पुढे, नेहमीसारखा. फोन वर धरून रेंज शोधत.

वर कड्यावर आल्यावर तिनं सॅकमधून डबा काढला. सांबारवडी! पहाटे तीनला उठून केली म्हणे. विदर्भातली माणसं कोथिंबिरीला सांबार म्हणतात, हे मला ठाऊक होतं, पण वडी खाल्ली नव्हती.

"तळलेलं खाऊन चढायचं असतं का गं?" मी म्हटलं.

"सॉरी काकू. माझ्या लक्षातच नाही आलं."

मी एक खाल्ली. झकास झाली होती. ते मी बोलून दाखवलं नाही, दुसरी मात्र उचलली. अपूर्वनं तीन खाल्ल्या आणि हात तिच्याच जॅकेटला पुसले. ती हसली. मला ते काही आवडलं नाही. म्हणजे तिचं हसणं नाही, त्याचं पुसणं. हा कधीपासून असा वागायला लागला, असं मनात येऊन गेलं.

पेन-अ-व्हॅनच्या माथ्यावर धुकं, आणि त्या धुक्यातसुद्धा दगडापाशी फोटोसाठी पंचवीस माणसांची लाइन. आम्ही थांबलो नाही. पलीकडच्या उताराला मी लागले. तो उतार म्हणजे दगडी जिनाच आहे, त्यातून पावसानं बुळबुळीत झालेला. चौथ्या की पाचव्या दगडावर माझा पाय सटकला. मी ओरडले. अपूर्वनं खालून मान वर केली, "आई, यू ओके?" आणि जागचा हलला नाही. ही पोर मात्र माझ्या पुढे येऊन उलटी फिरली आणि पायरीवर बसकण मारत, माझी टाच स्वतःच्या हातानं धरून एकेका दगडावर टेकवत, मला खाली घेऊन गेली. अर्धा तास. पँट चिखलानं भरली तिची. "इथं द्या, काकू. आता डावा. घाई नाही आपल्याला." बस, एवढंच बोलत होती.

खाली खिंडीत आल्यावर तिनं बूट काढला. मोजा टाचेला चिकटलेला, आणि सोडवला तर रक्त. दोन्ही टाचांना.

आता ऐका. क्रिबिनला वळसा घालून जाणारी सपाट वाट त्या खिंडीतूनच फुटते. पंधरा मिनिटांत पलीकडे. मला माहीत होती. अपूर्वलाही माहीत होती, दहा वर्षांचा असल्यापासून तो तिथं येतोय. मी त्याच्याकडे बघितलं. वाटलं, तो सांगेल. तो सांगत नाही म्हटल्यावर मी का सांगू? परीक्षा माझी, पण मुलगी त्याची ना? तो म्हणाला, "क्रिबिन नेक्स्ट. कमॉन, गाइज," आणि निघाला. मी तिला प्लास्टर दिलं, दोन. ते रक्तानं चिकटेनात. तिनं तसेच मोजे ओढले आणि उभी राहिली.

त्या चढाच्या मधोमध, चार पावलं टाकायची आणि थांबायचं असं चाललेलं असताना, ती म्हणाली, "काकू, एक सांगायचंय. तुमच्यापासून लपवून तुमच्या घरात यायचं नाहीये मला."

मी म्हटलं, झालं! आता निघेल काहीतरी. पहिलं लग्न असेल.

"मागच्या नोव्हेंबरात मला दिवस गेले होते. दहाव्या आठवड्यात गेलं."

मी खाली बसले. गवत ओलं होतं, तरी बसले.

अपूर्वला ठाऊक होतं. त्यानंच सांगितलं होतं तिला, आईला कळता कामा नये. ज्या दिवशी तिला हॉस्पिटलात न्यावं लागलं त्या दिवशी हा मित्राच्या लग्नाआधीच्या पार्टीला डब्लिनला. फोनवर म्हणाला, मी आलो तरी आता काय करणार? तीन दिवसांनी आला, फुलं घेऊन. ती एकटी बसनं घरी गेली होती. हे सगळं ती तक्रार म्हणून सांगत नव्हती हो. उलट त्याची बाजू घेत होती, तो घाबरला होता, त्याला तसलं बघवत नाही, वगैरे.

"आणि काकू, पुढचं त्यालाही माहीत नाही. तो विषय निघाला की उठून जातो. डॉक्टर म्हणाले, मला पुन्हा अवघड जाईल. होणारच नाही असं नाही, पण अवघड जाईल. तुम्हाला तरी माहीत असावं."

माझंच नातवंड गेलं आणि मला दहा महिन्यांनी, डोंगराच्या मध्यावर, एका परक्या मुलीकडून कळत होतं. मी रडले. मला रडायला फारसं येत नाही, माझ्या सासूबाई गेल्या तेव्हाही आलं नव्हतं. मी तिचं डोकं छातीशी धरलं आणि म्हटलं, "अगं पोरी, एकटी गेलीस बसनं? मला फोन करायचास ना! मी आले असते, उठून आले असते." आणि खरोखर गेले असते. ती माझ्या जॅकेटमध्ये तोंड खुपसून हुंदके देत होती. वरून अपूर्व ओरडला, "आर यू गाइज कमिंग ऑर व्हॉट?"

क्रिबिनवरून खाली आलो की जुना रुंद रस्ता लागतो, तो थेट धरणापर्यंत. त्या रस्त्यानं आम्ही दोघी हातात हात घालून आलो. ती लंगडत होती, मी माझी काठी तिला दिली. तिच्या आईचं विचारलं, वडिलांचं विचारलं. माझं मन भरलं होतं. मंडळातल्या बायकांना काय काय सांगायचं तेसुद्धा मी मनात जुळवून ठेवलं. आणि अपूर्वचे कान उपटायचे, सडकून.

कार पार्कमध्ये ती आपल्या गाडीच्या डिकीवर बसून बूट काढत होती. मी अपूर्वला बाजूला, झाडांकडे घेतलं.

"लाज वाटते का रे तुला?" मी सुरुवात केली. "डब्लिन! मला सगळं सांगितलंय तिनं. आता कान उघडे ठेवून ऐक. मला मुलगी पसंत आहे. शंभर टक्के. आत्ताच्या आत्ता जाऊन तिला हो म्हण."

त्याचा चेहरा असा पडला की मला वाटलं डब्लिनची लाज वाटली.

"नो," तो म्हणाला. "नो नो नो. आई, तू नको म्हणणार होती ना?"

"म्हणजे?"

"तिसरा वॉक दिला तू. तिसरा वॉक मीन्स नो. मी म्हणून तर आणला तिला."

मला क्षणभर काही कळेना. मग तो बोलत गेला, अर्धं मराठी, अर्धं इंग्लिश, बूट मातीत घासत. लग्न त्याला नकोच आहे. कोणाशीच नको, निदान आत्ता नको. पण ऋजुताला ते सांगता येत नाही, ती रडते, प्रश्न विचारते, मग त्याला वाईट माणूस असल्यासारखं वाटतं. "'माय मम डझन्ट अप्रूव्ह' म्हटलं ना, की कोणी काय नाही म्हणत. इंडियन मुलींना ते कळते. दे गेट इट. शाल्मलीला पण तेच सांगितला, तनिषाला पण."

"शाल्मली मला नाही पटली म्हणून तू सोडलीस तिला."

"आई." तो हसला हो, दयेनं हसला माझ्यावर. "मला सोडायची होती म्हणून तुझ्याकडे आणली. तुला कोण पटतं कधी?"

कोणी थोबाडीत मारली असती तर बरं वाटलं असतं. इतकी वर्षं मी त्या डोंगरावर मुली निवडत होते, आणि हा पोरगा त्याला नको असलेल्या मुली माझ्या पुढ्यात आणून टाकत होता. केर काढायला बाई ठेवावी तसा.

"मी नाही सांगणार तिला काही," मी म्हटलं. "तुझं तू निस्तर. सांग तिला तोंडावर, मला तू नको आहेस म्हणून."

"मी नाही सांगू शकत. ओके, मग मी नाहीच बोलत. तिला काय समजायचं ते समजेल." आणि मग, माझ्याकडे न बघता, "बट देन एव्हरीवन विल नो, आई. मंडळात स्वातीआंटी, सगळे. की तू सिलेक्ट केली आणि मी नो म्हटलं. यू टेल एव्हरीवन मी तुझं ऐकतो."

ते नेमकं लागलं. तो मूर्ख नाही, माझाच मुलगा आहे. मी तिथं झाडाला हात टेकून उभी राहिले आणि माझ्या डोळ्यांपुढे ती पोर नाही आली, टाचा नाही आल्या, गेलेलं नातवंडही नाही आलं. स्वाती आली, मंडळाच्या हॉलमध्ये चहाचा कप घेऊन, ओठ मुडपून हसताना. वाईट सासू झाले असते तर मला चाललं असतं. आपल्यात वाईट सासूला मान असतो. पण जिच्या शब्दाला तिच्या पोटचा पोरगा काडीची किंमत देत नाही, ती बाई कोण? तिला कोण विचारतं?

मी ऋजुताकडे गेले. अपूर्व टायरमधली हवा बघतोय असं दाखवत आमच्या गाडीपाशी वाकला.

"ऋजुता," मी म्हटलं, "माझ्याकडून नाही आहे."

तिच्या हातात ओला मोजा होता. तिला वाटलं मी गंमत करतेय. आत्ता तर हात धरून आलो होतो. मग माझा चेहरा बघितला तिनं.

"का, काकू?"

कारण तर द्यायला हवं होतं. माझ्याकडे दुसरं काही नव्हतं. वडी चांगली होती, चाल चांगली होती, मन सोन्यासारखं होतं. तिनं स्वतःच्या हातानं मला जे एक दिलं होतं, तेच मी उचललं.

"मला नातवंडं हवीत," मी म्हटलं. "तूच म्हणालीस ना, अवघड आहे."

ती रडली नाही. मोजा नीट घडी करून बाजूला ठेवला, चिखलाचा, रक्ताचा मोजा, त्याची घडी काय करायची? पण केली. मग अगदी हळू म्हणाली, "अपूर्वला ते सांगितलंत?"

"नाही."

"नका सांगू, प्लीज." आणि थोड्या वेळानं, "काकू, खरं सांगा. नको कोण म्हणतंय? तुम्ही की तो?"

तिचं सगळं या एका उत्तरावर अडलं होतं. दुसऱ्या दिवशी सोमवार होता. मी खरं सांगितलं असतं तर ती तिथं कोसळली असती, सोमवारी सही करून रॉटरडॅमला गेली असती, आणि वर्षभरात तिला बरं वाटलं असतं. माझं नाक मात्र कापलं गेलं असतं.

"मी," मी म्हटलं. "तो तर तुझ्याशीच लग्न करायचं म्हणतोय. पण माझ्या शब्दाबाहेर नाही जायचा तो."

आणि त्या मुलीचा चेहरा उजळला. देवाशपथ, उजळला.

"तो हो म्हणतोय?"

"हो."

"मग ठीक आहे, काकू." तिनं नाक ओढलं, डोळे पुसले. "मला सहा महिने वाटत होतं, त्यालाच नको आहे मी. वेडीच आहे. तो तयार असेल ना, तर मी थांबते. तुमचं मन वळेपर्यंत थांबते. मी नाही करत सही."

"अगं, असं काय? नोकरी कोणी सोडतं का?" मी म्हटलं.

"दुसरी बघेन. मिळेल." ती अनवाणी उठली आणि माझ्या पाया पडली. कार पार्कच्या खडीवर, त्या सोललेल्या पायांनी. माझा हात आपोआप तिच्या डोक्यावर गेला. तोंडाशी आलं होतं माझ्या, अगं खुळे, जा, सही कर, पळ इथून. आलं होतं, खोटं नाही सांगत. अपूर्व लांबून म्हणाला, "ऑल डन?" ती त्याच्याकडे लंगडत गेली आणि त्याला घट्ट मिठी मारली. त्यानं तिच्या पाठीवर थोपटलं आणि तिच्या खांद्यावरून माझ्याकडे बघून भुवया उडवल्या, काय झालं म्हणून.

परत येताना गाडीत मी सांगितलं काय झालं ते. "ओह," तो म्हणाला. "ती थांबणार? दॅट्स नॉट आयडियल." मग म्हणाला, "स्टिल, थँक्स आई. यू आर द बेस्ट." मर्थरला त्यानं चिप्ससाठी गाडी थांबवली. मला भूक नव्हती म्हणून त्यानं दोघांच्या खाल्ल्या.

तिनं सही केली नाही. सप्टेंबरअखेर नोकरी गेली. अपूर्व तिच्याशी छान बोलतो म्हणे, "आई अजून तयार नाही, गिव्ह इट टाइम," असं सांगतो. गेल्या महिन्यापासून तो ऑफिसच्या कोणा मुलीबरोबर लिस्बनला जाऊन-येऊन असतो, ते तिला माहीत नाही. मला माहीत आहे. ह्यांनाही माहीत आहे. हे परवा म्हणाले, "रेखा, सांगून टाक त्या पोरीला. एक वाक्य आहे." मी म्हटलं, तुम्ही सांगा. ते पुन्हा पेपरात गेले.

ती मला दर गुरुवारी फोन करते. माझं मन वळवायला अधूनमधून रविवारी येते, साउथहॅम्प्टनहून, आणि माझ्याबरोबर चालते. दोनदा आली, दोन्ही वेळा अपूर्व आयत्या वेळी आला नाही. पहिल्यांदा मी पेनार्थ सांगणार होते, मनापासून सांगणार होते. पण अपूर्वनं तिला एव्हाना तिन्ही वॉकचे अर्थ सांगून ठेवलेत. पेनार्थ म्हटलं की तिनं तो होकार धरला असता. मग दुसऱ्या दिवशी लग्नाची तारीख विचारली असती, आणि सगळं उघडं पडलं असतं. म्हणून दोन्ही वेळा मी तिसराच सांगितला. तिला वाटतं मी कडक आहे. एकदा म्हणालीसुद्धा, "माझी आजी अशीच होती काकू, वरून कडक."

आज गुरुवार. तिचे तेवीस दिवस उरलेत. तीन इंटरव्ह्यू झाले, कोणी व्हिसा द्यायला तयार नाही, हे तिनं हसत सांगितलं. मग विचारलं, "रविवारी कुठं जायचं, काकू?"

"पेन-अ-व्हॅन," मी म्हटलं. "मागच्या बाजूनं. क्रिबिनसकट."

"रविवारी वादळ सांगितलंय पण. यलो वॉर्निंग आहे."

"मग नको येऊस." मला वाटलं, आता तरी. चिड माझ्यावर, शिव्या दे, फोन आपट. "माझं ऐक, नकोच येऊस तू. कशाला एवढ्या लांब येतेस? मी काही बदलायची नाही."

तिनं एवढंच विचारलं,

"अपूर्व येणारे?"

"बघू म्हणालाय," मी म्हटलं.

"मग येते ना मी," ती म्हणाली. "तुम्ही म्हणाल तिथं येते, काकू."